मुकें चाक आणि बुजरा घोडा

"टांगे गेले, घोडे गेले, आतां घोड्याविषयीं काय लिहावयाचें?" असा प्रश्न या लेखाचें शीर्षक वाचून कांहीं पालकांच्या मनांत येईल. प्रश्न अगदींच अस्थानीं नाहीं. मुंबईच्या रस्त्यांवरील व्हिक्टोरिया गाड्या बंद कराव्या, असा निर्णय उच्च न्यायालयानें २०१५ सालीं दिला; आणि ज्या गांवांत एके काळीं स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग उभी असे, तेथें आज रिक्षांची रांग असते. परंतु घोडा शहराच्या चौकांतून गेला म्हणून तो रस्त्यावरूनच गेला, असें समजणें चुकीचें होईल. पांचगणीचें टेबल लँड आणि महाबळेश्वरचें वेण्णा तळें येथें सुटीच्या दिवसांत भाड्याच्या घोड्यांची गर्दी असते. माथेरानास खासगी मोटारी दस्तुरी नाक्यापाशींच थांबतात. तेथून पुढें घोडा हें आजही अनेकांचें वाहन आहे. तापीकांठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. लग्नसराईंत नवरदेवाचा घोडा गांवोगांव दिसतो. आणि दिवाळीनंतर देशावरून कोंकणाकडे मेंढरें घेऊन निघालेल्या धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड लादलेलीं तट्टें घाट उतरतांना ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस घोडा गेला असें कोणी सांगावें?

दुसऱ्या बाजूस सायकल पुन्हा वाढीस लागली आहे. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील, शाळेपासून दूर राहणाऱ्या मुलींस सायकली मिळाल्या आहेत. शहरांतील तरुण व्यायामासाठीं पहाटे सायकली काढतात, आणि वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणी गांठणाऱ्या हौशी सायकलस्वारांच्या टोळ्या रविवारीं सहज दृष्टीस पडतात. हें सर्व आम्हांस फार संतोषाचें वाटतें. सायकल धूर सोडीत नाहीं, तेल मागत नाहीं व गरिबाच्या आटोक्यांत राहते. परंतु या दोन स्वारांची, म्हणजे सायकलस्वाराची व घोडेस्वाराची, एकाच अरुंद रस्त्यावर गांठ पडली म्हणजे काय करावें, हें आमच्या मुलांस कोणीच शिकवीत नाहीं. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

मोटारवाल्यांविषयीं सायकलस्वाराची नेहमीं तक्रार असते कीं, ते आपल्या अंगावरून गाडी नेतात, कानाशीं भोंगा वाजवितात व आपली वाट पाहत नाहींत. ही तक्रार रास्त आहे. परंतु समोर घोडा असला म्हणजे त्या सायकलस्वाराच्याच हातीं मोटारवाल्याची भूमिका येते, आणि ती तो कशी वठवितो याकडे मात्र कोणाचें लक्ष नसतें. आमचें मत थोडक्यांत असें आहे: घोड्याजवळून जातांना आपण येत आहों हें कळविण्याची, वेग सोडण्याची आणि जरूर तर थांबण्याची जबाबदारी प्रथम सायकलस्वाराची आहे, आणि नुसती घंटी वाजविल्यानें ती पुरी होत नाहीं.

घोडा कां भितो हें कळल्यावांचून त्याच्याजवळून कसें जावें हें कळणार नाहीं. घोडा हा मूळचा मोकळ्या गवताळ माळावरचा, कळपानें राहणारा व हिंस्र पशूंचें भक्ष्य होणारा प्राणी. त्याला शिंगें नाहींत, नख्या नाहींत. निसर्गानें त्याच्या रक्षणासाठीं दिलेलें मुख्य साधन म्हणजे त्याचे पाय. शिंगरूं जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभें राहतें, व मोठा घोडा उभ्याउभ्यां डुलकी घेऊं शकतो; पळण्याची वेळ आली असतां विलंब होऊं नये अशीच त्याची सारी घडण आहे. संशय येतांच आधीं पळावें आणि मग पाहावें, हा त्याचा स्वभाव. हजारों वर्षें माणसाच्या संगतींत राहिल्यानें हा स्वभाव दबला आहे, नाहींसा झालेला नाहीं. घोडा 'बुजतो', 'बिथरतो' आणि 'उधळतो' असे तीन शब्द आमच्या भाषेंत आहेत. बुजलेल्या घोड्यास घोडेवाला शब्दानें शांत करतो, बिथरलेल्यास महत्प्रयासानें आवरतो, आणि उधळलेल्यापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. सायकलस्वारानें जें साधावयाचें तें पहिल्या पायरीच्याही आधीं साधावयाचें आहे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें मान न वळवितां त्याला भोंवतालच्या ३६० अंशांपैकीं सुमारें ३५० अंश दिसतें. जो थोडा भाग दिसत नाहीं, त्यांत शेपटीच्या थेट मागची जागा येते. आणि सायकलस्वार येतो तो नेमका त्याच जागेंतून. 'साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊं नये' ही म्हण ज्यानें केली, त्याला दृष्टीचें शास्त्र ठाऊक नसेल. घोडा मात्र पक्का ठाऊक असला पाहिजे. कानांचेंही तसेंच. घोड्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणें वळतात, व माणसास ऐकूं न येणारे कांहीं उंच स्वरही त्यांस ऐकूं येतात. परंतु आवाज नेमका कोणत्या दिशेनें आला, हें ओळखण्यांत घोडा माणसाच्या मानानें बराच कच्चा आहे. म्हणून मागें थोडी सळसळ झाली कीं 'कांहीं तरी आहे' एवढें त्याला कळतें. काय आहे आणि कोठें आहे, हें कळत नाहीं. मोटार दुरून गुरगुरत येते, व रोज रस्त्यानें चालणाऱ्या घोड्यास ती गुरगुर ओळखीची झालेली असते. सायकल मुकाट्यानें येते आणि एकाएकीं डोळ्याच्या कोपऱ्यांत प्रकट होते. दबा धरून आलेलें श्वापदही असेंच येतें.

सायकलीचा हा मुकेपणा जन्मजात नव्हे. कार्ल फॉन ड्राइस या जर्मन गृहस्थानें १८१७ सालीं पायांनीं जमीन रेटीत चालवावयाची लांकडी दुचाकी काढली. पुढें सुमारें अर्ध्या शतकानें पायटे लावलेल्या ज्या गाड्या निघाल्या, त्यांचीं लोखंडी पट्टी चढविलेलीं चाकें दगडी रस्त्यावर इतकीं खडखडत कीं, इंग्रजांनीं त्यांस हाडें खिळखिळीं करणारी गाडी असें नांव ठेविलें. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली यानें साखळीची 'रोव्हर' सायकल आणली, आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप यानें हवा भरलेल्या रबरी टायरचें पेटंट घेतलें. हा डनलॉप व्यवसायानें पशुवैद्य होता. ज्याच्या टायरमुळें चाक मुकें झालें, तो स्वतः जनावरांचा वैद्य असावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

त्याच १८८८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें इंग्लंड व वेल्सच्या स्थानिक कारभाराविषयीं जो कायदा केला, त्याच्या ८५ व्या कलमानें सायकल ही 'गाडी' ठरली. आणि गाडी, घोडा, खेचर अथवा पायीं चालणारा मनुष्य यांस मागें टाकण्यापूर्वीं योग्य अंतरावरून घंटेनें, शिटीनें अथवा अन्य रीतीनें ऐकूं जाईल अशी पुरेशी सूचना देण्याचें बंधन सायकलस्वारावर पडलें. म्हणजे ज्या वर्षीं चाक मुकें झालें, त्याच वर्षीं चाकावर बसणाऱ्यानें आपली चाहूल द्यावी असें कायद्यानें सांगितलें. तें कलम पुढें रद्द झालें. त्यांतील तत्त्व टिकलें. १९६८ च्या कायद्यानें तेथील ग्रामीण भागांतील घोडेस्वारांच्या वाटांवर सायकलींस मुभा मिळाली, ती पायीं चालणाऱ्यांस व घोडेस्वारांस सायकलस्वारानें आधीं वाट द्यावी या अटीवरच. २९ जानेवारी २०२२ पासून तेथें रस्त्याची जी सुधारलेली नियमावली लागू झाली, तिच्यांत ज्याच्या हातून अधिक इजा होऊं शकते त्याच्यावर अधिक जबाबदारी, असें सूत्र आरंभींच घातलें आहे. मोटार चालविणाऱ्यानें घोड्यास मागें टाकतांना वेग ताशीं १० मैलांच्या, म्हणजे सुमारें १६ किलोमीटरांच्या, खालीं ठेवावा व निदान २ मीटर अंतर सोडावें. आणि सायकलस्वारानें घोड्याच्या अगदीं जवळून किंवा वेगानें जाऊं नये, त्याच्या डाव्या बाजूनें तर जाऊंच नये, असें तींत सांगितलें आहे. इंग्लंडाप्रमाणें आपणही रस्त्याच्या डाव्या अंगानें चालतों; तेव्हां हे नियम आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडतील.

किंबहुना आपल्याकडे त्यांची गरज अधिक आहे, आणि याचें कारण घोड्याच्या पाठीवर बसलेल्या माणसांत सांपडतें. इंग्लंडांतील रस्त्यावरचा घोडेस्वार बहुधा शिकलेला असतो. त्याच्या हातांत लगाम, पाय रिकिबींत आणि डोक्यावर टोप असतो. आपल्या थंड हवेच्या ठिकाणीं घोड्यावर जें बसलेलें असतें, तें पुष्कळदां मुंबई-पुण्याहून आलेलें सहा-सात वर्षांचें मूल. त्यानें त्या दिवसापूर्वीं घोड्यास हातही लावलेला नसतो. दोन्ही मुठींनीं खोगीर घट्ट धरून बसणें एवढेंच त्याला सांगितलेलें असतें. घोडा एकदम आडवा सरकला तर पडूं नये म्हणून काय करावें, हें त्याला ठाऊक नाहीं. धनगराच्या तट्टावर तर अंथरूण-पांघरूण, भांडीं व कोंबड्या यांच्याबरोबर कधीं कधीं चालूं न शकणारें कोंकरूं आणि कडेचें मूलही असतें, व पुढें दोरी धरून घरची बाई चालत असते. तें तट्टू उधळलें म्हणजे तिचा सारा संसार घाटांत विखुरतो. वरातीच्या घोड्यावर बसलेला नवरदेवही त्या दिवसापुरताच स्वार. हीं माणसें स्वतःचें रक्षण करूं शकत नाहींत. म्हणून तें भार सायकलस्वारानें उचलावयाचा आहे.

तो उचलावा कसा? रीत साधी आहे. पुढें घोडा दिसतांच पायटे मारणें थांबवावें आणि वेग कमी करावा. बरेंच अंतर असतांनाच घोड्याच्या नव्हे तर घोडेवाल्याच्या रोखानें मोकळ्या आवाजांत हांक द्यावी: "काका, मागून सायकल येते आहे. पुढें जाऊं का?" वाड्यांतली बाई असेल तर "मावशी" म्हणावें. किंचाळूं नये, शीळ घालूं नये. हांकेचें उत्तर येईपर्यंत मागेंच राहावें. मग रस्ता मोकळा पाहून उजव्या बाजूनें, दोन मीटरांहून कमी नाहीं असें अंतर सोडून, सावकाश व एकसारख्या गतीनें जावें, आणि जातांना कांहीं तरी बोलत राहावें. पुढें गेल्यावर लगेच घोड्याच्या तोंडासमोर वळूं नये व एकदम वेगही धरूं नये. रस्ता अरुंद असेल किंवा समोरून गाडी येत असेल, तर जागा मिळेपर्यंत मागें चालावें. सायकलवरून उतरून चालण्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

सायकली चार-सहा असल्या तर एकानेंच हांक द्यावी व सर्वांनीं एका मागून एक असें एकाच वेळीं जावें. अर्धे पुढें आणि अर्धे मागें अशी स्थिति घोड्यास फार घोटाळ्यांत टाकते. घोडे अनेक असले तर त्यांच्या मधून घुसूं नये. घोडा कळपाचा प्राणी आहे. एक उधळला कीं दुसरा त्याच्या मागें धांवतो. समोरून घोडा येत असेल तर तो आपणांस पाहत असतो हें खरें, तथापि वेग तेव्हांही कमी केलाच पाहिजे. घाटाच्या उतारावर तर हें विशेष ध्यानांत ठेवावें, कारण तेथें सायकलीचा वेग आपोआप वाढतो आणि वळणापलीकडे काय आहे तें दिसत नाहीं.

घोड्याचे कान वाचावयास शिकावें, असें आम्ही मुलांना मुद्दाम सांगतों. कान सैल असले आणि मान खालीं असली तर घोडा निश्चिंत आहे. मान एकदम वर उचलली गेली, कान एका दिशेस ताठ रोंखले गेले, नाकपुड्या फुगल्या, किंवा घोडा तिरपा पाय टाकूं लागला, तर तो बुजला असें समजावें. अशा वेळीं घाईनें निसटून जाणें हें सर्वांत वाईट. जागच्या जागीं थांबावें, पाय जमिनीला टेकावा, घोडेवाल्याशीं शांतपणें बोलावें, आणि त्यानें खूण केल्यावरच हालावें.

या मतावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, घंटी आहे, ती वाजवावी म्हणजे झालें. दुरून वाजविलेली घंटी उपयोगी पडते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु घोड्याच्या पाठीशीं येऊन एकदम वाजविलेली घंटी ही सूचना नसून धक्काच होय. घंटी कोण वाजवितो हें घोड्यास कळत नाहीं. मनुष्याचा आवाज मात्र तो जन्मापासून ऐकत आलेला असतो. हांक ऐकली कीं, जी वस्तु मागून येते आहे ती मनुष्य आहे, हें त्याला कळतें आणि त्याचें निम्में भय जातें. शिवाय हांकेला घोडेवाला उत्तर देऊं शकतो. घंटीला काय उत्तर देणार?

दुसरा आक्षेप असा कीं, रस्त्यावर आणावयाचा घोडा मालकानें आधीं सवयीचा करावा. हेंही खरें आहे, आणि घोडेवाल्यांचींही कर्तव्यें आहेतच. त्यांनीं डाव्या अंगानें चालावें, दोन घोडे शेजारीं शेजारीं नेऊन रस्ता अडवूं नये, अंधार पडल्यावर दिव्यावांचून निघूं नये, आणि लहान मुलास घोड्यावर बसवून लगाम मोकळा सोडूं नये. परंतु घोडा कितीही सवयीचा केला तरी त्याचे डोळे पाठीला फुटत नाहींत. दुसऱ्यानें आपलें कर्तव्य केलें नाहीं, म्हणून आपण आपलें सोडावें हा युक्तिवाद वर्गांत चालत नाहीं; तो रस्त्यावर कां चालावा?

तिसरा आक्षेप वेळेचा. घोड्यासाठीं थांबत बसलें तर शाळेस उशीर होईल, असें मुलें म्हणतील. घोड्यामागें थांबावयास फार तर एक-दोन मिनिटें लागतात. सवारीचा घोडा चारशें-पांचशें किलो वजनाचा असतो. डोंगरी तट्टू त्याहून हलकें असलें तरी त्याची एक लाथ चाकाचीं तारें वांकविण्यास व पायाचें हाड मोडण्यास पुरेशी आहे. त्या दोन मिनिटांची बचत कोणत्या किंमतीस पडूं शकते, याचा हिशेब पालकांनीं मुलांसमोर बसून करावा.

हिशेबाचा विषय निघाला आहे, तर आणखीही एक सांगतों. मुलास सायकल घेऊन देतांना आपण तिचा रंग पाहतों, ब्रेक पाहतों, किंमतींत घासाघीस करतों. तोल सांभाळतां आला कीं मूल सायकल शिकलें, असें मानतों. वास्तविक तोल सांभाळणें हा या विद्येचा निम्माच भाग आहे. रस्त्यावरच्या इतरांस सांभाळणें हा दुसरा, आणि तो पहिल्यासारखाच शिकवावा लागतो. आमची सूचना अशी कीं, ज्या शाळांतील मुलें सायकलीनें येतात, त्या शाळांनीं वर्षारंभीं एक सकाळ या कामासाठीं राखून ठेवावी. गांवांतील एखाद्या घोडेवाल्यास मान देऊन बोलवावें, त्याचा वेळेचा मोबदला द्यावा, व शाळेच्या मैदानावर त्याच्याकडूनच मुलांना घोड्याचे कान, डोळे व पाय समजावून घेऊं द्यावे. नंतर प्रत्येक मुलानें सायकलीवरून हांक देऊन, उत्तर ऐकून, अंतर सोडून पुढें जाण्याचा सराव करावा. ज्या माणसास मुलें एरव्हीं केवळ सुटींत भाडें ठरवितांना पाहतात, तो त्या दिवशीं त्यांचा गुरु होईल, हाही एक लाभच आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळांस पुढें मोटारी चालवावयाच्या आहेत. आपल्याहून मंद, भित्र्या किंवा दुबळ्या जीवाजवळून कसें जावें, याची संवय त्या वेळीं नव्यानें लागत नसते. ती आतां, सायकलीवर असतांनाच लागते. जो मुलगा आज घोड्यामागें वेग सोडतो, तोच उद्यां शाळेंतून सुटलेल्या लहान मुलांजवळ, काठी टेकीत रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांजवळ आणि तुमच्यासारख्याच एखाद्या सायकलस्वाराजवळ गाडीचा वेग सोडील. येत्या सुटींत घाटांत किंवा गांवच्या वेशीवर घोडा दिसला, तर पायटे थांबवा, हांक द्या आणि उत्तराची वाट पाहा. घोडेवाला हात वर करून "या, पुढें या" म्हणेल, तेव्हांच पुढें जा.